देव जाणवला, म्हणून देव आहे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

धार्मिक अनुभव हा ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतो का, या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रांचा मुद्दा एकच होता, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : आई दरवर्षी आषाढी वारीला जाते. एकदा वाखरीच्या अलीकडे चालताना विठ्ठल आपल्या शेजारून चालतो आहे असे तिला स्पष्ट जाणवले. धाकटा भाऊ म्हणतो, हा थकव्याचा परिणाम. घरात यावरून दरवर्षी वाद होतो. तत्त्वज्ञानात हा वाद कसा मांडतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : आईंना जाणवले, याबद्दल दोघांचे दुमत नाही. दुमत आहे ते पुढच्या पायरीबद्दल. ‘मला जाणवला’ इथून ‘तो तिथे होता’ इथवर जाता येते का, एवढाच प्रश्न आहे.

ही पायरी चढता येते असे म्हणणारा सर्वांत नेटका युक्तिवाद ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड स्विन्बर्न यांनी १९७९ मध्ये मांडला. त्याचे तीन भाग आहेत. पहिला : एखादी गोष्ट समोर आहे असे माणसाला जाणवले, आणि ते नाकारायला खास कारण नसेल, तर ती गोष्ट बहुधा तिथे असते. दुसरा : ईश्वर समोर असल्याचे पुष्कळ माणसांना जाणवले आहे. तिसरा : हे सगळे अनुभव नाकारायला खास कारण मिळत नाही. यावरून निष्कर्ष असा की ईश्वर बहुधा आहे. दुसऱ्या विधानाबद्दल नास्तिकही वाद घालत नाहीत. सगळी लढाई पहिल्या आणि तिसऱ्या विधानावर आहे. ‘बहुधा’ हा शब्दही सोडू नका. गणितातल्यासारखी सिद्धता येथे कोणी मागत नाही आणि देतही नाही.

अनुभव कोणत्या जातीचा, हेही पाहावे लागते. स्विन्बर्न पाच जाती करतात. सर्वांना दिसणाऱ्या साध्या गोष्टीत देव जाणवणे, उदाहरणार्थ सूर्यास्त पाहताना. सर्वांना दिसेल अशी असाधारण घटना घडणे. एकट्यालाच, पण नेहमीच्या शब्दांत सांगता येईल असे काही दिसणे किंवा ऐकू येणे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले, हा तुकोबांनी सांगितलेला अनुभव या जातीचा. एकट्यालाच होणारे, पण शब्दांत न मावणारे संवेदन. आणि पाचवी जात म्हणजे डोळ्यांना, कानांना काहीही न होता केवळ कोणीतरी असल्याची जाणीव. आईंनी मूर्ती पाहिली नसेल, आवाज ऐकला नसेल, तर त्यांचा अनुभव या पाचव्या जातीत बसतो. या जातीत दृष्टिभ्रमाला वाव नसतो, कारण दृष्टीचा संबंधच नसतो. पण दुसऱ्या कोणी पडताळून पाहावे असेही त्यात काही हाती लागत नाही.

आता भावाचा मुद्दा. ‘ती थकली होती’ एवढे म्हणून भागत नाही. थकलेल्या माणसालाही समोरचा ट्रक खराच दिसतो. थकव्याने नेमकी याच प्रकारची खोटी जाणीव निर्माण होते, हे त्याला दाखवावे लागेल. ते दाखवायला त्याच्याकडे साहित्य मात्र भक्कम आहे. १९१६ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी दक्षिण जॉर्जिया बेटावरचे डोंगर आणि हिमनद्या सलग छत्तीस तास चालून पार केल्या. आपण तिघे नसून चौघे आहोत असे प्रत्येकाला वाटत होते, आणि हे त्यांनी नंतर एकमेकांना सांगितले. उंच शिखरांवरचे गिर्यारोहकही असेच सांगतात. शॅकल्टन यांनी स्वतः त्यात दैवी हात पाहिला. शारीरिक ताणात ‘अदृश्य सोबती’ निर्माण होतो, याचा दाखला म्हणून संशयवादी हीच घटना पुढे करतात. घटना एकच आणि दोन्ही पक्षांना ती हवी आहे, यावरून वाद कुठे अडतो ते कळते.

प्रश्न : ‘जाणवले म्हणजे बहुधा आहे’ हे तत्त्व फारच सैल वाटते. मग भूत पाहिले म्हणणाऱ्याचेही मानायचे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : हा आक्षेप पहिल्यांदा सर्वांनाच सुचतो. पण तत्त्व उलटे करून पाहा. समजा असा नियम केला की आधी खरेपणा सिद्ध करा, मगच जाणीव मानू. समोर टेबल आहे हे सिद्ध करायला दुसरी जाणीव लागेल, ती खरी ठरवायला तिसरी. हा शेपटाला शेपूट जोडण्याचा उद्योग कधी संपत नाही. म्हणून कुठेतरी ‘बाध येईपर्यंत, म्हणजे खोटे ठरवणारे काही पुढे येईपर्यंत, मानू’ असे म्हणावेच लागते.

हे तत्त्व आपल्याकडे सातव्या शतकातच पूर्ण बांधून झाले होते, आणि मराठी चर्चांत त्याचा उल्लेखही होत नाही याचे वाईट वाटते. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे, कुमारिल भट्ट यांचा स्वतःप्रामाण्याचा (ज्ञान स्वतःच प्रमाण म्हणजे भरवशाचे असते, असा) सिद्धांत नेमके हेच सांगतो. ज्ञान उपजते तेच प्रमाण म्हणून. त्याचे अप्रामाण्य बाहेरून दाखवावे लागते. ते दाखवायच्या वाटा दोन. एक, पुढच्या ज्ञानाने आधीचे खोडले जाणे : चांदी वाटली म्हणून उचलायला गेलो, हातात शिंपला आला. दुसरी, ज्ञानाच्या कारणातच दोष सापडणे : काविळीच्या रोग्याला शंख पिवळा दिसतो. यांना बाधकप्रत्यय आणि कारणदोष म्हणतात. स्विन्बर्न यांनी चार वाटा सांगितल्या : अनुभव घेणारा किंवा त्याची परिस्थिती भरवशाची नसणे, तशाच परिस्थितीतले तसेच दावे पूर्वी खोटे ठरलेले असणे, ती वस्तू तिथे नव्हती असा इतर भक्कम पुरावा असणे, आणि वस्तू असली तरी जाणीव तिच्यामुळे झाली नसणे. पहिल्या दोन कारणदोषात आणि तिसरी बाधकात बसते. चौथी मात्र नवी आहे, आणि पुढे मेंदूच्या प्रश्नात तीच कळीची ठरते.

भुताचे उत्तर आता सोपे आहे. तत्त्व भुतालाही लागू आहे. पण अंधार, भीती, अर्धवट झोप हे कारणदोष तिथे जवळजवळ नेहमी सापडतात आणि दिवा लावला की बाधकही येतो. तत्त्व सगळ्यांना दारात घेते, आत कोण राहील ते बाधक ठरवतात.

दोन गोष्टी मात्र ईश्वरवाद्याने विसरू नयेत. कुमारिल स्वतः जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, आणि योग्याला अतींद्रिय गोष्टी प्रत्यक्ष दिसतात हा दावाही त्यांनी खोडून काढला. प्रत्यक्ष म्हणजे समोर असलेल्या गोष्टीशी इंद्रियाचा संबंध, तेव्हा जे इंद्रियाच्या टप्प्यातच नाही त्याचे प्रत्यक्ष कसले, असा त्यांचा सवाल होता. दुसरे असे की नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांना, हे स्वतःप्रामाण्य मान्यच नव्हते. त्यांच्या मते प्रामाण्य बाहेरून ठरते, मुख्यतः प्रवृत्ती सफल झाल्यावर : पाणी दिसले, गेलो, प्यालो, तहान भागली, तर ते पाणी. ईश्वराच्या जाणिवेत तहान भागणे म्हणजे काय हे कोण ठरवणार? मनःशांती लाभली हे उत्तर पुरेसे नाही. खोट्या समजुतीनेही शांती मिळू शकते.

प्रश्न : ख्रिस्ती संतांना ख्रिस्त दिसतो, वारकऱ्याला विठ्ठल. विपश्यनेत दहा दिवस बसलेल्या साधकाला कोणीच भेटत नाही, त्याला अनित्यता जाणवते. सगळे एकाच वेळी खरे कसे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : या युक्तिवादावरचा सर्वांत जड आक्षेप हाच आहे, आणि आम्ही याला मेंदूविज्ञानाच्या आक्षेपापेक्षा कितीतरी वरचा मानतो. चमत्कारांच्या संदर्भात डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये तो मांडला : परस्परविरोधी धर्मांचे साक्षीदार एकमेकांची साक्ष कापतात.

यावर तीन प्रकारची उत्तरे दिली जातात. प्रत्येकाची काहीतरी किंमत मोजावी लागते.

वॉल्टर स्टेस यांनी १९६० मध्ये म्हटले की गाभा सर्वत्र एकच आहे, भेद आहेत ते नंतर चढवलेल्या अर्थाचे. विषयशून्य, भेदशून्य ऐक्य हा तो गाभा. पण हे मानले तर विठ्ठल, ख्रिस्त, दयाळू निर्माता हे सगळे ‘नंतर चढवलेले’ ठरतात. उरते ते एक निराकार ऐक्य, आणि त्याला ईश्वर का म्हणायचे हे कळत नाही. भक्ताला हवा तो देव या उत्तरातून निसटतो.

स्टीव्हन कॅट्झ यांनी १९७८ मध्ये उलट बाजू घेतली. कोरा अनुभव असा नसतोच. परंपरेने दिलेल्या कल्पना अनुभवाला आतूनच आकार देतात. ज्यू साधकाला निर्वाणाचा अनुभव येत नाही तो यामुळे. हे बहुतांशी पटण्यासारखे आहे, पण मग अनुभव हा त्या परंपरेचा पुरावा राहत नाही, तिचे फळ होतो. धर्मांतराच्या क्षणी अपेक्षेविरुद्ध आलेले अनुभव मात्र या मताला अडचणीचे जातात, हेही नोंदवायला हवे.

तिसरे उत्तर विल्यम अल्स्टन यांचे, १९९१ चे. ते म्हणतात, इंद्रिये भरवशाची आहेत हेसुद्धा इंद्रियांचा वापर न करता सिद्ध करता येत नाही. तरी आपण तो व्यवहार सोडत नाही, कारण तो समाजात रुजलेला आहे आणि चुका शोधायच्या रीती त्याच्या पोटातच आहेत. ईश्वराच्या अनुभवाचा ख्रिस्ती व्यवहारही तसाच रुजलेला, त्यालाही आपल्या कसोट्या आहेत. मग इंद्रियांना एक न्याय आणि याला दुसरा का? युक्तिवाद ताकदीचा आहे. पण असे रुजलेले व्यवहार अनेक आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. यामुळे समर्थन कमी होते हे अल्स्टन यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. तरी आपल्या व्यवहारात टिकून राहणे विवेकाला सोडून नाही, एवढेच ते म्हणतात. म्हणजे आतल्या माणसाने आत राहायला हरकत नाही. बाहेरच्याने आत का यावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

आता धर्मकीर्तींकडे या. हे सातव्या शतकातले बौद्ध तार्किक. त्यांचे निरीक्षण असे : काम, शोक, भय, उन्माद यांनी ग्रासलेली माणसे आणि चोराचे स्वप्न पाहणारे लोक नसलेल्या गोष्टी समोर उभ्या असल्यासारख्या पाहतात. म्हणून वस्तू खरी असो वा खोटी, तिची भावना, म्हणजे तिचे सततचे चिंतन, पराकोटीला नेली की ती स्फुट, म्हणजे समोर असल्यासारखी स्पष्ट, दिसू लागते. स्फुटता हे अभ्यासाचे फळ आहे, वस्तू असल्याची खूण नव्हे. धर्मकीर्ती योगिप्रत्यक्ष, म्हणजे योग्याला होणारे थेट दर्शन, नाकारत नाहीत, त्यांच्या धर्माला ते हवेच आहे. पण योग्याचे ज्ञान प्रमाण केव्हा? त्याचा विषय आधी तर्काने ठरलेला असेल आणि ज्ञान त्याच्याशी जुळत असेल तेव्हाच.

हा मुद्दा नीट समजून घेतला तर अर्धा वाद मिटतो. अनुभव पाया होऊ शकत नाही. आधी इतर कारणांनी काही उभे असेल, तर त्याला तो बळ देतो. स्विन्बर्नही हा युक्तिवाद सर्वांत शेवटी मांडतात, ईश्वर अगदीच असंभाव्य नाही असे इतर युक्तिवादांनी दाखवल्यावर. आपल्याकडे नैयायिक उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीची मुख्य भिस्त अनुमानावर ठेवली, योग्यांच्या साक्षात्कारावर नाही. तीन वेगळ्या घराण्यांतले तार्किक या क्रमाशी सहमत होतात, हे महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : औषधाची गोळी घेऊन किंवा मेंदूला चुंबक लावून देव ‘दाखवता’ येत असेल तर विषयच संपला ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : संपत नाही, पण काय संपते आणि काय उरते ते पाहू.

प्रयोग खरे आहेत. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पाहन्के यांनी धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना ३० मिलिग्रॅम सिलोसायबिन (काही अळंबींत असणारे, जाणिवा बदलणारे द्रव्य), दहा जणांना २०० मिलिग्रॅम निकोटिनिक आम्ल. याने अंग तापते, म्हणून आपल्यालाच खरे औषध मिळाले असे वाटावे ही योजना. सिलोसायबिन घेतलेल्यांचे गूढानुभवाच्या मोजपट्टीवरचे गुण दुसऱ्या गटाहून कितीतरी जास्त निघाले. त्रुटीही होत्या. तासाभरात कोणाला काय मिळाले हे सगळ्यांना कळले होते. एका विद्यार्थ्याला शांत करायला क्लोरप्रोमाझिनचे इंजेक्शन द्यावे लागले, आणि मूळ अहवालात ते आले नाही. १९९१ मध्ये रिक डॉब्लिन यांनी पाठपुरावा केला तेव्हा ते पुढे आले. चुंबकाचे शिरस्त्राण तर त्याहून कच्चे निघाले. मायकेल पर्सिंजर यांचा दावा होता की कानशिलांवर मंद चुंबकीय क्षेत्र दिले की ‘कोणीतरी आहे’ असे वाटते. उप्साला येथे पेर ग्रँकविस्ट यांच्या गटाने २००५ मध्ये दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे क्षेत्र चालू आहे की नाही हे ना प्रयोगकर्त्याला ना सहभागीला ठाऊक असताना, तो प्रयोग पुन्हा केला, तर क्षेत्र चालू असण्या-नसण्याने फरक पडला नाही. ज्यांचा स्वभाव सूचनेला लवकर वश होणारा, त्यांना अनुभव जास्त आले.

पण मेंदूत काही घडले म्हणून अनुभव खोटा, हे तर्कात बसत नाही. आंबा पाहतानाही मेंदूत काही घडते. कारण सापडणे म्हणजे खंडन होणे नव्हे. ईश्वरवादी याहून पुढे जातो : ईश्वर सर्वत्र असेल आणि प्रत्येक कारणसाखळी तोच धरून असेल, तर सिलोसायबिनमधूनही तोच काम करतो. म्हणजे चौथी वाट, ‘जाणीव त्याच्यामुळे झाली नाही’ हे दाखवणे, बाहेरच्याला बंदच होते.

इथे त्याने किती किंमत मोजली हे हिशेबाने दाखवता येते. पुढचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. समजा अनुभवांचा विचार करण्याआधी ईश्वर असण्याची संभाव्यता २० टक्के मानली. तो असेल तर असे अनुभव येण्याची शक्यता ९० टक्के. नसेल तर मेंदू, औषध, उपास, ताण यांमुळे ती ६० टक्के. २० गुणिले ९० म्हणजे १८००. ८० गुणिले ६० म्हणजे ४८००. अठराशेला एकूण सहासष्टशेने भागा : सुमारे २७ टक्के. विसाचे सत्तावीस झाले, एवढेच. ईश्वर नसताना असे अनुभव फारच विरळ, म्हणजे ५ टक्के असते, तर १८०० ला २२०० ने भागून सुमारे ८२ टक्के आले असते. म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यशाने तो दुसरा आकडा वाढतो आणि पुराव्याचे वजन घटते. खंडन होत नाही, पुरावा पातळ होतो. आता सुरुवातीची संभाव्यता ४५ टक्के धरून पहिलाच हिशेब करा : सुमारे ५५ येतात. तोच पातळ पुरावा निम्म्याची रेषा ओलांडून देतो. आधी काय उभे आहे यावर सगळे अवलंबून, हे मागच्या उत्तरातले म्हणणे आकड्यांत असे दिसते.

घाईने उलट टोकाला जाणाऱ्यांची एक नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक अनुभव वेगळा पुरावा धरून गुणाकार करत जाणे : हजार साक्षी, म्हणून हजारपट बळ. साक्षी एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच हे चालते. एकाच परंपरेत, एकच चरित्रे ऐकत वाढलेल्या हजारांची साक्ष स्वतंत्र नसते.

प्रश्न : अनुभव शब्दातीत असतो असे सगळेच संत सांगतात. मग त्यावर तर्क कशाला? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये गूढानुभवाच्या चार खुणा सांगितल्या : शब्दांत न मावणे, काही कळल्याची खात्री, क्षणिकता, आणि आपण काही करत नसून आपल्याला काही होते आहे ही भावना. पहिल्या दोन एकमेकींशी ओढाताण करतात. अनुभवाबद्दल काहीच सांगता येत नसेल, तर तो ‘ईश्वर आहे’ या विधानाला तरी आधार कसा देणार? ते विधान तर शब्दांतच आहे. जेवढे शब्दातीत, तेवढे पुराव्याबाहेर. जो भक्त अनुभव पुरावा म्हणून वापरतच नाही, त्याला हा आक्षेप लागू नाही.

प्रश्न : १९९५ मध्ये गणपती दूध प्यायला, हे लाखोंनी पाहिले. देवीचे अंगात येणेही गावोगाव दिसते. इतक्यांचे डोळे खोटे कसे? – एक वाचक, सांगली

उत्तर : डोळे खोटे नव्हते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी चमच्यातले दूध कमी होताना लोकांनी खरेच पाहिले. पृष्ठताणामुळे चमच्याच्या काठावरचे दूध मूर्तीला टेकताच ओढले जाते आणि पातळ थराने खाली उतरते. पांढऱ्या किंवा ओल्या मूर्तीवर तो थर दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून तो ओघळ दाखवला. दिसले ते ‘दूध कमी झाले’, आणि ‘गणपती प्यायला’ हे अनुमान. लाखोंची साक्ष पहिल्या वाक्यासाठी पक्की आहे, दुसऱ्यासाठी ती साक्षच नाही.

अंगात येण्याचेही असेच वेगळे करावे. बाईचे भान हरपते, आवाज बदलतो, हे पाहणाऱ्याला दिसते. देवी आली हा अर्थ. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख अनुभवावर नाही. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून लोकांत भीती निर्माण करणे, फसवणे, धमकावणे यावर आहे. हा भेद कायद्याने बरोबर ओळखला आहे.

प्रश्न : मी वर्षानुवर्षे पूजा-ध्यान केले, काहीही जाणवले नाही. माझा ‘न-अनुभव’ पुरावा का धरत नाहीत? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : धरावा, असे मायकेल मार्टिन म्हणतात. ‘आहे असे जाणवले’ हा पुरावा, तर ‘नाही असे जाणवले’ हाही पुरावा हवा. स्विन्बर्न ते मानत नाहीत : ईश्वर असता तर या परिस्थितीत जाणवलाच असता, हे माहीत असल्याशिवाय न जाणवणे काही सांगत नाही.

आपल्याकडे याला योग्यानुपलब्धी म्हणतात. दिसण्याजोगी वस्तू, प्रकाश आणि निरोगी डोळे असूनही न दिसणे, हाच अभावाचा पुरावा. टेबलावर हत्ती नाही हे अशाने कळते. टेबलावर जंतू नाहीत हे नाही. उदयनाचार्यांनी नास्तिकाला हेच उत्तर दिले : ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नाही, म्हणून न दिसण्याने काही सिद्ध होत नाही.

उत्तर बरोबर आहे, पण तुमच्या पत्रातला एक मुद्दा त्याने सुटत नाही. ज्या परंपरेने स्वतःच सांगितले की ‘अमुक इतके कर, तो भेटेल’, तिने अट घालून ठेवली आहे. अट पुरी झाल्यावर न भेटणे ही योग्यानुपलब्धीच, निदान त्या वचनापुरती. मग ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे सांगतात, आणि श्रद्धा पुरेशी होती याची खूण विचारली तर ‘तो भेटणे’ ही एकच खूण दिली जाते. असे वचन कधी खोटे ठरू शकत नाही, म्हणून ते कशाचा पुरावाही ठरत नाही. तुम्ही स्वतःला दोष देण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही.

प्रश्न : कोणी असा अनुभव सांगितला तर तो तपासायचा कसा? क्रम सांगा. – एक वाचक, पणजी

उत्तर : आधी सांगणाऱ्याचे बोलणे जसेच्या तसे लिहून घ्या, शक्यतो दोन दिवसांच्या आत. पुन्हापुन्हा सांगताना कथा परंपरेतल्या साच्याकडे सरकत जाते. मग लिहिलेल्यातून अर्थाचे शब्द बाजूला काढा. ‘दत्तगुरू आले’ याऐवजी नेमके काय : आकृती, प्रकाश, ऊब, आवाज की नुसती उपस्थिती?

पुढे परिस्थिती विचारा. उपास किती दिवसांचा, झोप किती, ताप होता का, औषधे कोणती, झोप लागताना किंवा मोडताना झाले का. घरात नुकताच मृत्यू झाला आहे का, हे जरूर विचारा. वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा आणि विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना मृत जोडीदार जवळ असल्याचे जाणवले होते, आणि बहुतेकांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. निरोगी माणसांना असे होते.

नंतर पाहा की अनुभवात आधी ठाऊक नसलेले आणि बाहेरून पडताळता येणारे काही होते का. घटना घडून गेल्यावर जुळवलेले धरू नका.

परंपरांच्या स्वतःच्या कसोट्या यानंतर. स्पेनमधील ख्रिस्ती संत आविलाच्या तेरेसा सोळाव्या शतकात परिणाम पाहत : नम्रता वाढली की गर्व? त्यांचे सहकारी, क्रूसाचे संत योहान (जॉन ऑफ द क्रॉस), दर्शनांवर विसंबूच नका म्हणत, ती खरी असली तरी. रामदासांनी शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती, म्हणजे शास्त्राचा, गुरूचा आणि स्वतःचा पडताळा, या तिन्ही जुळायला हव्यात असे सांगितले. या कसोट्या दांभिक आणि भ्रमिष्ट यांना गाळण्यात उत्तम काम करतात. पण तिन्ही प्रचीती एकाच घरातल्या. त्या वारकऱ्याचा अनुभव वारकरी मताशी जुळतो की नाही हे सांगतात. वारकरी मत खरे का, हे त्यांच्याकडून कळत नाही. तेरेसांच्या कसोटीची अडचण वेगळी : चांगला परिणाम चांगल्या समजुतीनेही होतो, वस्तू असावी लागत नाही.

आणि आवाज आज्ञा देत असतील, स्वतःला किंवा इतरांना इजा करायला सांगत असतील, अनेक रात्री झोप नसूनही उत्साह ओसंडत असेल, औषधे बंद करायचा ‘आदेश’ झाला असेल, तर तत्त्वचर्चा थांबवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. अनुभव खरा की खोटा हा निवाडा त्यासाठी आधी व्हावा लागत नाही. डॉक्टर तो देतही नाहीत, ते माणसाला बरे करतात, आणि बरा झालेला माणूस वरचे सगळे प्रश्न स्वतः विचारू शकतो.